पहिली लिपी

माझी मुलगी सना मला मेसेज लिहायला शिकवते. मी लिहिते, "घरी ये. जेवण तयार आहे." लगेच तिचा फोन येतो, "अम्मी, काय झालं? रागावलीस का?" मी म्हणते, बाई, जेवायला बोलावलं, राग कसला? तर म्हणते, दोन्ही वाक्यांच्या शेवटी टिंब दिलंस ना, टिंब दिलं की रागावल्यासारखं वाटतं. लातूरजवळच्या मुरुडच्या शाळेत पोरांना पूर्णविराम द्यायला शिकवता शिकवता माझे केस मेंदीला आले, ज्यांनी दिला नाही त्यांचे मी गुण कापले, आणि आता माझ्याच पोटची पोर मला सांगते की पूर्णविराम देणं उद्धटपणाचं आहे. नुसता 'के' लिहिला तर अपमान, 'ओके' लिहिलं तर चालतं, शेवटचं अक्षर दोनदा लिहिलं तर लाडाचं होतं. आमचे मुख्याध्यापक शिक्षकांच्या ग्रुपवर सगळं इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहितात. त्यांचं 'GOOD MORNING' आलं की तरण्या शिक्षिका एकमेकींकडे बघून तोंड दाबतात, "सर सकाळी सकाळी ओरडले गं" म्हणतात. मी त्यांच्या हसण्यात सामील होत नाही. मला काही हसायचं वावडं नाही. पण मोठी अक्षरं ओळीनं उभी दिसली की माझा जीव नांदेडला जातो, अब्बांकडे जातो, आणि मग शाळेची घंटा झालेलीसुद्धा मला ऐकू येत नाही.

अब्बांचं बांगड्यांचं दुकान इतवाऱ्यातल्या एका गल्लीत होतं आणि दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. आम्ही मनियार, म्हणजे पिढ्यान् पिढ्या बायकांच्या हातात बांगड्या भरणारे. मधल्या दाराला पडदा होता, त्यामुळे घरात बसून दुकानातलं सारं ऐकू यायचं. काचेची किणकिण दिवसभर चालायची, आणि दुपारी ती थांबली की अम्मी म्हणायची, "तुझे अब्बा जेवायला येऊन राहिले, ताट घे." बांगड्या भरणं हे नाजूक काम आहे. बाईचा हात आपल्या हातात घ्यायचा, अंगठ्याच्या मुळाशी हलकेच दाबायचं, आणि तिला बोलण्यात असं गुंतवायचं की तिनं मूठ ढिली सोडली पाहिजे. अब्बा ते इतक्या हळू आवाजात करायचे की समोरच्या बाईला पुढं वाकावं लागे. "ताई, हात असा ढिल्ला सोडा. माहेरी कधी चाललाव?" बाई माहेरचं सांगायला लागली की बांगडी मनगटावर गेलेली असे. नायगाव, भोकरकडून लग्नाची मंडळी चुडा भरायला यायची आणि आमच्या दुकानाच्या पायरीवर चपलांचा ढीग पडायचा.

आमच्या दुकानात बोलायची एक रीत होती, ती मोडलेली अब्बांना खपत नसे. बांगडी फुटली असं म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. फुटणं हा शब्द सवाष्णीच्या हाताजवळ येऊ द्यायचा नाही. एकदा भोकरच्या एक मावशी हिरव्या बांगड्या भरत होत्या, एक बांगडी तडकली, आणि त्या ओरडल्या, "चाचा, फुटली की वो!" अब्बांनी काचेचे तुकडे तळहातावर गोळा केले आणि त्यांना बारक्या आवाजात म्हणाले, "न्हाई मावशी, वाढली म्हणा. शब्दाला काय पैसे पडतेत का?" मावशी ओशाळल्या, मग हसल्या, आणि जाताना आणखी एक डझन घेऊन गेल्या. घरात आम्ही दखनी बोलायचो आणि दुकानात मराठी. आता लिहिताना मी दोन्हीची मराठीच करते आहे, एखादा शब्द मूळचा राहिला तर राहू दे. सांगायचं इतकंच की अब्बांनी कुठल्याच भाषेत कधी आवाज चढवला नाही. आवाज चढवायचं खातं अम्मीकडे होतं आणि ती ते एकटी नीट सांभाळायची.

अम्मीचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा आणि तिच्या फोडणीचा वासही. अंबाड्याची भाजी ती लसणाची चरचरीत फोडणी देऊन करायची, सोबत ज्वारीची भाकरी. शुक्रवारी बगारा भात आणि दालचा. दालच्यात दुधीची फोड मोठी हवी, ती माझ्या थोरल्या भावाला आवडायची. भाईजान, म्हणजे अन्वर, माझ्यापेक्षा चार बुकं जास्त शिकलेला, घरातला पहिला पदवीधर. लातूरला राहून तो कॉम्प्युटर शिकला आणि तिथून थेट शारजाला एका कंपनीच्या ऑफिसात नोकरीला लागला. तो गेल्यावरही अम्मी दुधीची मोठी फोड वेगळी काढून ठेवायची आणि मग माझ्या ताटात घालायची. मला दुधी मुळीच आवडत नाही, पण ती फोड मी कधी परत केली नाही.

भाईजान हैदराबादच्या गाडीत बसला त्या दिवशी अब्बा स्टेशनावर आले नाहीत. दुकानात नवरीची मंडळी बसली होती आणि नवरीला अर्ध्या चुड्यावर सोडून उठायचं नसतं. भाईजान पडदा बाजूला करून आत डोकावला, म्हणाला, "अब्बा, येतो." अब्बांच्या हातात नवरीचा हात होता. त्यांनी मान वर केली, काहीतरी म्हणाले, पण ते भाईजानला ऐकू आलं नाही. मलाही नाही. गाडी येईपर्यंत भाईजान फलाटावर मला विचारत राहिला, "काय म्हणाले गं? दुकान कोण बघंल असं म्हणाले का?" मी म्हटलं, तसं काही नसंल. पण त्याच्या मनात ते बसलं की एकुलता एक मुलगा दुकान सोडून निघाला म्हणून अब्बा नाराज आहेत. अब्बांनी त्याला दुकानात बस असं कधीच म्हटलं नव्हतं. बस म्हटलं नव्हतं तसं जा असंही म्हटलं नव्हतं, आणि न बोलणाऱ्या माणसाच्या मनातलं जो तो आपल्या भीतीप्रमाणे वाचतो.

शेजारच्या किराणा दुकानात फोन होता. भाईजानचा तिथं फोन यायचा तेव्हा अम्मी पहिल्यांदा बोलायची आणि तिला खरं तर फोनची गरज नव्हती. मग अब्बांची पाळी. अब्बा फोन दोन्ही हातांनी धरून बोलायचे आणि पलीकडून भाईजानचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू यायचा, "हॅलो? अब्बा? जोरात बोला ना! हॅलो?" अब्बा आपल्या मते जोरात बोलायचे. किराणावाले काका म्हणायचे, "मनियार, पोरगं दुबईकडं हाय, बाजूच्या खोलीत न्हाई." अब्बा कसनुसं हसून फोन माझ्या हातात द्यायचे. असं दोनतीनदा झालं तेव्हा भाईजाननंच सुचवलं की नसरीनला, म्हणजे मला, घेऊन कॉम्प्युटरवर या, तिथं आवाज लागत नाही.

तेव्हा नांदेडात जिथं तिथं सायबर कॅफे निघाले होते. आमच्या जवळचा संजूभाऊंचा. प्लायवूडच्या चिंचोळ्या खोल्या, प्रत्येकीला पडदा, बाहेर चपला काढायच्या, आत पंख्याचा घरघराट. शारजात शुक्रवारी सुट्टी असायची म्हणून आम्ही शुक्रवारी जुम्याची नमाज झाली, जेवणं झाली की जायचो. भाईजानच्या नावापुढचा दिवा हिरवा झालेला असायचा. अब्बा माझ्या शेजारी स्टुलावर बसून माझ्या कानात बोलायचे आणि मी इंग्रजी अक्षरांत आपली दखनी लिहायची. त्या मशीनला मराठीही येत नव्हती आणि उर्दूही. अब्बा म्हणायचे, "त्याला म्हण, जेवतो का?" मी लिहायची, अब्बा सलाम सांगतात, विचारतात तुझं जेवणाखाणाचं कसं आहे, तब्येतीला जप. अब्बांच्या तीन शब्दांची मी दोन ओळी करायची. भाईजानचं उत्तर मी वाचून दाखवायची आणि तेही थोडं वाढवून. माझ्या हातून दोघंही फार गोड बोलायचे.

एकदा माझ्याकडून कुठलं तरी बटण दाबलं गेलं आणि सगळी अक्षरं मोठी यायला लागली. पलीकडून भाईजाननं लिहिलं, ओरडतेस कशाला? मला काही कळेना. मग त्यानं समजावलं की इथं मोठ्या अक्षरांत लिहिणं म्हणजे ओरडणं. नोकरीला लागला तेव्हा त्यानं साहेबाला सबंध निरोप मोठ्या अक्षरांत लिहिला होता, नीट दिसावा म्हणून, तर साहेबानं सगळ्यांसमोर विचारलं, तू माझ्यावर आवाज का चढवतोस? त्या दिवसापासून त्यानं मोठ्या अक्षरांचा धसकाच घेतला होता. स्वतःचं नावसुद्धा तो छोट्या अक्षरांत लिहायचा. मी हे अब्बांना सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं तेव्हा वाटलंच नाही, लिहिणारी तर मीच होते.

पुढच्या वर्षी मी शिक्षिका व्हायला लातूरला गेले. वसतिगृहात राहायचं, टँकर आला की बादल्या घेऊन पळायचं, आणि मुलींच्या गप्पांत झोपून जायचं. शुक्रवारी दुपारी वर्गात बसले की मात्र माझा जीव घरी असायचा. आता ताटं उचलली असतील, आता अम्मीनं पान लावलं असेल, आता अब्बा टोपी खुंटीला लावत असतील. अम्मीला फोन केला की ती सांगायची, "तुझे अब्बा जातेत की, एकटेच जातेत, बोलून येतेत." मला वाटलं संजूभाऊ लिहून देत असतील.

दिवाळीच्या सुट्टीत लोहामार्गे एसटीनं घरी आले तर अम्मीचा आवाज खाली आलेला. अम्मीचा आवाज खाली आला की आमच्या घरात आजारपण असायचं. मी घाबरले. तिनं मला चुलीजवळ बसवलं आणि सांगितलं की किराणावाल्यांकडे अन्वरचा फोन आला होता, थंडीत तो येत नाही. रजा मिळत होती, त्यानं घेतली नाही. आणखी पुढं तिथंच राहायच्या कागदांवर सही करतो म्हणाला. "मी म्हटलं, कामून रे बाबा? तर म्हणतो, अब्बांचा राग उतरू दे, मग बघू. मी म्हटलं, त्यांना कशाचा राग? तर म्हणतो, अम्मी, तुला माहीत न्हाई, ते मला काय काय लिहितेत, दर जुम्याला लिहितेत." अम्मीनं पदरानं डोळे पुसले. "मी ह्यांना विचारलं, काय लिहिताव तुम्ही पोराला? तर म्हणतेत, मी तर ये ये म्हणून राहिलो. आता ह्याच्यात खरं कोण बोलतंय, तूच सांग." अम्मीनं डब्यात शेवया करून ठेवल्या होत्या, त्याच्यासाठी, उन्हाळ्यापासून. तो डबा तिनं फळीवरून काढून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "घे, तूच खा."

शुक्रवारी मी अब्बांबरोबर निघाले. वाटेत ते नेहमीसारखे हळू हळू बोलत होते, लातूरला पाणी आलं का, भाकरी मिळते का. कॅफेत त्यांना पाहताच संजूभाऊ उठले, आतल्या खोलीतल्या कीबोर्डवर एक बटण दाबून त्याचा बारका दिवा लावला आणि म्हणाले, "घ्या चाचा, तुमचं चालू केलं." मी विचारलं, काय चालू केलं? संजूभाऊ हसून म्हणाले, "चाचा पहिल्या दिवशी भांडायलाच आले. म्हणे, तुमची मशीन खराब हाय, मी दाबतो एक अक्षर अन् उमटतंय दुसरंच. मी बघितलं तर ते बरोबर होते की. बटणावर मोठं ए अन् पडद्यावर छोटं. म्हटलं, थांबा, मोठंच आणून देतो." ते आपल्या खुर्चीवर गेले. अब्बांनी चष्मा लावला, स्टूल पुढं ओढलं, आणि एका बोटानं, प्रत्येक अक्षर शोधून, लिहायला लागले. मी शेजारी उभी होते. पडद्यावर उमटलं: ANWAR TU KAB AATA. थोड्या वेळानं: JAWAB DE.

त्या शब्दांत वाईट काहीच नव्हतं. अन्वर, तू कधी येतोस. जबाब दे. पण माझ्या डोळ्यांना ते आता भाईजानच्या डोळ्यांनी दिसलं. वर आधीच्या शुक्रवारच्या ओळी होत्या, सगळ्या तशाच, उभ्या, धडाधड. AMMI ROTI. अम्मी रडते. KAB AATA. JALDI AA. मधे कुठं सलाम नाही, बेटा नाही, कारण एका बोटानं लिहिणाऱ्याला तेवढी चैन कशी परवडणार? पलीकडून भाईजानचं उत्तर आलं, सगळं छोट्या अक्षरांत: abba itna chillao nakko. gussa utrya to bolo. अब्बा, इतकं ओरडू नका, राग उतरला तर सांगा. अब्बांनी ती ओळ पाहिली, समाधानानं मान हलवली, आणि पुढचं अक्षर शोधायला लागले.

मी म्हटलं, "अब्बा, काय म्हणतोय तो?"

"खुशाल हाय म्हणतो."

"अन् येण्याचं?"

"येतो म्हणत असंल की. उत्तर तर देऊन राहिला."

मी पुन्हा ओळीवर बोट ठेवलं. "इथं वाचा ना, अब्बा." ते पडद्याकडे बघत राहिले. मग त्यांनी चष्मा काढला आणि कुर्त्याच्या टोकानं पुसायला लागले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "नसरीन, मला पहिली लिपीच येते."

आजच्या पोरांना हे कळायचं नाही. जुन्या मराठी शाळेत इंग्रजी पाचवीला सुरू व्हायची आणि तिच्या चार लिपी असायच्या. पहिली लिपी म्हणजे छापील मोठी एबीसीडी, दुसरी लिपी छापील छोटी, मग तिसरी आणि चौथी वळणाची. गुरुजी एक लिपी पक्की झाल्याशिवाय दुसरी सुरू करायचे नाहीत. अब्बांची पहिली लिपी पक्की झाली आणि दादांना, म्हणजे त्यांच्या वडिलांना, लकवा झाला. अब्बा शाळेतून उठून दुकानाच्या गादीवर बसले. पुढं त्यांचं काही अडलं नाही. मराठी यायची, उर्दू यायची, आणि रस्त्यावरचं सगळं इंग्रजी पहिल्या लिपीतच असतं, एसटीचा नंबर असो की फोनच्या दुकानाची पाटी. त्यामुळे आपल्याला इंग्रजी वाचता येत नाही हे त्यांना स्वतःलाही उशिराच कळलं असणार, आमच्या पोरांच्या पुस्तकात डोकावताना कधी तरी. तेव्हा त्यांनी ते आपल्यापाशीच ठेवलं. इतके महिने ते दर शुक्रवारी इथं येऊन, पोराची एकही ओळ न वाचता, नुसती ती उमटताना बघून परत जात होते. ओळ आली म्हणजे पोरगा जिवंत आहे, जागा आहे, आपल्याशी बोलतो आहे. एवढं घेऊन घरी यायचे आणि अम्मीला सांगायचे, खुशाल आहे.

मी त्यांना सांगितलं. सांगणं भागच होतं. की मोठ्या अक्षरांना तिकडे ओरडणं म्हणतात, आणि भाईजानला वाटतंय तुम्ही दर शुक्रवारी त्याच्यावर ओरडता. अब्बांना आधी ते खरंच वाटेना. "अक्षर कसं ओरडंल? मी तर काही बोललोबी न्हाई." मग हळूहळू त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांनी कीबोर्डवरचा हात असा मागं घेतला की जणू काच तडकली. "मी ओरडलो? अन्वरवर?" ते बारीक आवाजात म्हणाले. ज्या माणसानं परक्या बाईच्या मनगटाजवळ एक वाईट शब्द येऊ दिला नाही, त्याला मी हे सांगत होते. मला रडू यायला लागलं, आणि रागही आला, त्या साहेबाचा, त्या रीतीचा, आणि अशी रीत कुणी कुणाला न विचारता ठरवली त्या सगळ्यांचा.

मी म्हटलं, सरका, मी त्याला आत्ता लिहिते की तुम्हाला छोटी अक्षरं येत नाहीत. त्यांनी माझा हात धरला. अब्बांनी हात धरला की सोडवून घेता येत नसे, दुखायचाही नाही. "ते नक्को लिहूस. पोरगं ऑफिसात बसतंय, चार लोकांत राहतंय. बापाला अर्धीच एबीसीडी येते हे त्याला कळून काय करायचं? त्यापेक्षा रागावलोय असं समजू दे." मी म्हटलं, "मग तो येणार नाही, अब्बा. सही करंल तिथं." त्यांनी हात धरून ठेवला. आणि मी कबूल केलं की हे लिहिणार नाही. नंतर त्यांनी माझा हात सोडला.

मग मी ते दिव्याचं बटण बंद केलं आणि छोट्या अक्षरांत लिहायला लागले. अब्बा शेजारीच बसले होते, पडद्याकडे बघत होते, आणि माझं एक अक्षरही त्यांना कळत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांच्यापासून लपून बोलत होते. मी लिहिलं, भाईजान, मी नसरीन. अब्बा रागावलेले नाहीत, खुदाची शपथ. एक काम कर. त्यांच्याशी मोठ्या अक्षरांत बोल. त्यानं लिहिलं, वेडी झालीस का? मी अब्बांवर ओरडू? मी लिहिलं, का ते विचारू नको. तो म्हणाला, कारण सांग. अब्बांनी विचारलं, "काय लिहून राहिलीस इतकं?" मी म्हटलं, "सलाम लिहिते." आणि मग मला फोन आठवला, किराणावाल्याच्या गल्ल्यावरचा, आणि भाईजानचं ते हॅलो हॅलो. मी लिहिलं: तुझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचत नाही. तू हळू बोलतोस. जोरात बोल.

पलीकडून काही आलं नाही. नावापुढचा दिवा हिरवा होता, पण ओळ येईना. पंखा घरघरत होता. बाजूच्या खोलीत कुणीतरी गाणं लावलं आणि संजूभाऊ त्याला रागावले. अब्बा म्हणाले, "गेला का?" मी म्हटलं, आहे. मग एक शब्द आला. ABBA.

अब्बा पुढं वाकले. त्यांनी काचेवर बोट ठेवलं, "ए… बी… बी…" आणि तिथंच थांबले. पुढचं अक्षर त्यांना येत नव्हतं असं नाही. त्यांच्या बोटाखालीच पुढची ओळ उमटली: SALAM ABBA. आणि मग: CHHUTTI LETA. AATA HU. ती त्यांनी सबंध वाचली, अडखळत, अक्षरागणिक, दुसरीतल्या पोरासारखं, आणि वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचली. सुट्टी घेतो, येतो. संजूभाऊ पडद्यातून डोकावून म्हणाले, "चाचा, टायम झाला," आणि आत बघून मागं गेले.

भाईजान थंडीत आला. स्टेशनावर अब्बा माझ्याही आधी जाऊन बसले होते. घरी दोघंही फारसे बोलले नाहीत, त्यांची ती सवयच नव्हती. तो दुकानात त्यांच्या मागं बसून डबे पुसायचा, आणि एकदा त्यानं विचारलं की मी गेलो त्या दिवशी तुम्ही काय म्हणाला होता. अब्बा म्हणाले, "ऊन हाय, डोक्याला रुमाल बांध, म्हटलं." पडद्याआड अम्मी आणि मी दोघी होतो. अम्मीनं माझ्याकडे बघितलं आणि फोडणीत इतका लसूण टाकला की सगळ्यांना ठसका लागला.

तो परत गेल्यावर मी अब्बांना म्हटलं, उन्हाळ्यात मी तुम्हाला दुसरी लिपी शिकवते. सोपी आहे, निम्मी अक्षरं तर तशीच असतात. ते म्हणाले, "नक्को. मी छोटी शिकलो तर तो माझ्याशी सगळ्यांशी बोलतो तसा बोलंल." पुढं घरोघरी फोन आले, खिशात आले, फोनवर मराठी आली, आवाज पाठवायची सोय आली. भाईजान अब्बांना शेवटपर्यंत मोठ्या अक्षरांतच लिहीत राहिला. त्याच्या पोरांनी, साहेबांनी, कुणी काही म्हणो. अब्बांची दृष्टी गेली तेव्हा मी ते वाचून दाखवायची, आणि ते विचारायचे, "मोठ्यातच लिहिलंय ना?" मी हो म्हणायची. ते खरंच असायचं.

अब्बांना जाऊन आता काही वर्षं झाली. दुकान गेलं, गल्लीही ओळखू येत नाही. गेल्या ईदला भाईजान माझ्याकडे लातूरला आला होता. दाढी पांढरी, चष्मा जाड, फोन डोळ्यांजवळ धरून घरच्यांना कसलासा निरोप लिहीत बसला होता. हल्लीचे फोन वाक्याचं पहिलं अक्षर आपणहून मोठं करतात. मी बघत होते, तो दर वेळी मागं जायचा, ते मोठं अक्षर पुसायचा, तिथं छोटं घालायचा, आणि मग पुढं लिहायचा. एवढ्याशा निरोपाला त्याला किती वेळ लागत होता. मी म्हटलं, "भाईजान, राहू दे की एखादं. त्यानं कुणी ओरडल्यासारखं नाही वाटत." तो फोनवरून नजर न उचलता म्हणाला, "त्यासाठी न्हाई गं. मोठी अब्बांची." आणि पुढच्या वाक्याचं पहिलं अक्षर पुसायला लागला.